आधी आबा, मग ढोकळा

हाटकेश, मीरा रोड
१० नोव्हेंबर २०२४

चिरंजीव संघप्रिया हिला आजीचा जयभीम आणि गालांवरून हात.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. आमच्या वेळेला पोस्टमन दिसला की बायका आधी रडायला बसायच्या आणि मग पत्र वाचून घ्यायच्या. मी मजेत आहे म्हणून लिहितेय. रविवारी तुझा फोन येतो तेव्हा तुझी आई तो कानाला चिकटवून बसते, मग तुझा बाप घेतो, आणि माझ्या वाट्याला "जेवलीस का" एवढंच येतं. तू "हो" म्हणतेस आणि तिकडून तुमच्या मॅडम फोन मागतात. म्हणून मी म्हटलं, आपण लिहू. दुसरीत जोडाक्षरं यायच्या आधीच माझी शाळा सुटली, ती नंतर विहारातल्या वर्गात शिकले. तेव्हा एखादं अक्षर दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेलं दिसलं तर त्याला तिथंच राहू दे.

तू पोलीस होणार हे मी सगळ्या बिल्डिंगला सांगून झालेय. खालच्या भाजीवाल्याला हिंदीत सांगितलं, तर तो मला कोथिंबीर जास्त देतो. समोरच्या हंसाबेन म्हणतात, "अब चोर लोग हमारे फ्लोर पे नहीं आयेगा." मी म्हटलं, आपल्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत चोर तरी कशाला चढेल? एवढं चढून आला तर त्याला पाणी द्यावं लागेल.

तुझे आबा ठीक आहेत. खाली पेपर आणायला जातात आणि येताना दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरीच्या दाराबाहेरचा नोटीस बोर्ड वाचत उभे राहतात. रोज. पाणी कधी जाणार, टाकी कधी धुणार, कोणाची गाडी कोणाच्या जागेत लागली, सगळं त्यांना पाठ. सोसायटीची बायामाणसं पाण्याचं विचारायला आपल्याकडे येतात. इतकं वाचायची आवड त्यांना कधीपासून लागली कोण जाणे, घरात तर पेपर उशीखाली ठेवून झोपतात.

ढोकळा मजेत आहे. मांजराची जात, तुझ्या उशीवर झोपतो, मी उठवत नाही. सकाळी मी वंदना म्हणायला बसले की बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली येऊन बसतो, अगदी अगरबत्तीच्या पुढ्यात, जसा काही त्यालाच नमस्कार चाललाय. जरा खोकतो. पोटात केसांचा गोळा असेल, स्वतःला चाटतच असतो दिवसभर. तू काळजी करू नकोस. रिक्षात बसताना तू मला म्हणालीस ना, "आजी, ह्याला काही झालं तर मी सगळं सोडून येईन," ते माझ्या लक्षात आहे. ह्याला काही होत नाही आणि तू काही सोडत नाहीस. तीन वेळा फॉर्म भरून, पळून पळून, घोट्याला फडकं बांधून तू तिथं पोचलीयस. आपल्या घरात वर्दी घालणारी तू पहिली.

जेवत जा. भाकरी मिळते का तिकडे? जालना म्हणजे आपलाच जिल्हा, भाकरी मिळालीच पाहिजे.

तुझी आजी,
वैजयंता तात्याराव (हे पूर्ण नाव मी आज पहिल्यांदा पत्राखाली लिहिलं, छान दिसतंय)


हाटकेश
२४ नोव्हेंबर २०२४

लाडक्या संघप्रियाला आजीचा जयभीम.

तुझं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं, मग हंसाबेनना मराठीतून वाचून दाखवलं, मग हिंदीतून सांगितलं. पहाटे ग्राउंडवर पळता हे वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. भाकरी मिळते हे वाचून मला बरं वाटलं. सोबतची लातूरची मुलगी रात्री घोरते म्हणतेस, तर तिला एका कुशीवर झोपव. मी तुझ्या आबांना तसंच करते. हल्ली तर ते उशा रचून, बसल्यासारखेच झोपतात, विचारलं तर म्हणतात असंच बरं वाटतं.

तू फक्त ढोकळ्याचंच विचारलंयस. आजीचं काही नाही, ढोकळा कसा आहे, खोकला गेला का, खोकताना तोंडातून केस पडले का. अगं, केस काही पडत नाहीत. त्याची बसायची गंमत सांगते. मध्येच खेळता खेळता थांबतो, चारी पाय पोटाखाली घेतो, कोपरं बाहेर काढतो आणि मान जमिनीलगत अशी लांबवतो की वाटावं पलंगाखाली उंदीर दिसलाय. मग खर्र खर्र करतो. कान लावला तर आत बारीक शिट्टी वाजते. तुझा बाप म्हणाला, "आई, ह्याच्या पोटात प्रेशर कुकर आहे." सगळे हसलो. थोड्या वेळाने उठतो आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात निघून जातो.

मी त्याला बोटावर तूप चाटवलं, गोळा घसरून जाईल म्हणून. तूप आवडलं, गोळा काही आला नाही.

आता मी ठरवलंय. छातीत कफ धरलाय, दुसरं काही नाही. तुझा बाप लहान असताना असाच वाजायचा, तूही वाजायचीस. तेव्हा मी कोणत्या डॉक्टरकडे पळाले होते? निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणीची सालं टाकली आणि धुरी दिली, पोरं मऊसूत होऊन झोपायची. उद्या दुपारी घरात आबांशिवाय कोणी नसतं, तेव्हा ह्याला एक छान धुरी देते. तू निवांत राहा.

सहा डिसेंबरला दादरला जायचं का म्हणून तुझ्या आबांना विचारलं. दरवर्षी मला ओढत नेणारा माणूस, ह्या वर्षी म्हणतात गुडघे दुखतात. गुडघे हल्ली फारच मनावर घेतायत.

तुझी आजी


हाटकेश
९ डिसेंबर २०२४

संघप्रिया, शेवट आधी सांगते. ढोकळा बरा आहे. मी लिहितेय आणि तो माझ्यासमोर ताटलीतला मासा खातोय. आता खाली बस आणि पुढचं वाच. पळून यायचं नाही. तुझ्या आईबापालाही मी सांगून ठेवलं होतं की फोनवर ह्यातलं काही बोलायचं नाही, ते दोघे माझ्या धाकात आहेत हे बघून मला आनंद झाला.

मी त्याला धुरी दिली.

करवंटी पेटवून निखारा केला, धुपाटण्यात घातला, वर ओवा आणि वावडिंग टाकलं. ढोकळ्याला मांडीवर घेतलं आणि दोघांवरून माझं जुनं लुगडं ओढलं, तुला देताना ओढायची तसंच. तो बसला गं. मांजर धुराजवळ बसत नाही, पण तो बसला, कारण मी बसवलं. मी आपलं त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, आता सुटेल कफ, आता सुटेल. तर हाताखाली त्याचं पोट भात्यासारखं खालीवर व्हायला लागलं. लुगडं काढलं तर ह्याचं तोंड उघडं, कुत्रं उन्हात धापतं ना, तसं. जीभ जांभळट. ओरडत पण नव्हता.

आबांना हाक मारली. हा माणूस, ज्याने आजवर त्याला "तुमचं मांजर" सोडून नावाने हाक मारली नाही, त्याने खांद्यावरचा पंचा काढला, ढोकळ्याला गुंडाळलं आणि चपला न घालता दार उघडून खाली. मी मागून. दुसऱ्या मजल्यावर बोर्डाकडे बघितलं नाही. रिक्षावाल्याला म्हणाले, "जनावरांच्या डॉक्टरकडे, जल्दी," आणि पुढे त्यांना बोलताच येईना. मला वाटलं रडतायत. कोणी रडताना मी तोंडाकडे बघत नाही, म्हणून बाहेर बघत बसले.

दवाखान्यात हेमाली म्हणून तरुण डॉक्टरीण आहे. आम्ही आत शिरलो तर पंच्यात ढोकळा धापतोय आणि वर तुझे आबा धापतायत, दोघांची तोंडं उघडी. तिने एकदा ढोकळ्याकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे.

"आधी कोण?" ती म्हणाली.

आबांनी ढोकळ्याला पुढे केलं.

तिने त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, आत नळीने ऑक्सिजन सोडला, एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, आता कोणी हात लावायचा नाही, घाबरला तर श्वास अजून जातो. मग आबांना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, काका, तुमचा श्वासाचा पंप कुठे आहे? आबा म्हणाले, मला गुडघ्यांचा त्रास आहे.

"काका, गुडघे असे छातीत वाजत नाहीत."

संघप्रिया, लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाच्या डाळीत मीठ किती लागतं ते मला झोपेतही सांगता येईल, आणि छातीत काय वाजतंय ते मांजराच्या डॉक्टरणीने सांगितलं.

ढोकळ्याला दमा आहे. केसांचा गोळा नव्हताच. ती म्हणाली, पुष्कळ लोक गोळाच समजतात, कारण मांजर खोकताना तसंच वाकून बसतं. गोळ्यातून केस तरी पडतात, दम्यात काहीच पडत नाही. म्हणजे तू पत्रात विचारलंस तेच खरं विचारायचं होतं आणि मी तुला त्याची गंमत लिहून पाठवली. धूर हा दम्याचा शत्रू, ती म्हणाली, अगरबत्ती, मच्छरची कॉइल, सेंट, फोडणीचा ठसका, काही नको. मी म्हटलं, बाई, मी तर मुद्दाम बसवून दिला. ती रागावली नाही. म्हणाली, आजी, मांजर तोंड उघडून धापलं की घरचं काही करायचं नाही, तडक यायचं, हे आता तुम्ही बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगा. सांगायचं काम असेल तर ते मी करतेच. हंसाबेनपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय.

संध्याकाळपर्यंत तोंड मिटलं. काचेतून आबांकडे बघून एकदा म्याव केलं, माझ्याकडे बघितलं नाही.

आणि आबांचा पंप. सापडला. कपाटात, लग्नाच्या कोटाच्या खिशात. सरकारी दवाखान्यातून केव्हाचा आणून ठेवलेला, तारीख उलटून गेलेली. काशीगावच्या कारखान्यात हे लाकूड घासायचे ना, तिथं ज्याला खोकला लागला त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत. म्हणून खोकला गिळायची सवय. कारखाना बंद पडला, सवय चालूच. नोटीस बोर्ड वाचायची आवड कुठून आली तेही मला आता कळलं. तुझ्या आईने दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून त्यांना दवाखान्यात नेलं आणि नवीन पंप आणला. तो आता टीव्हीवर ठेवलाय. घेतात का? नाही. म्हणतात, संपलेली माणसं पंप ओढतात.

तू तिकडेच राहा. इकडे दोन पेशंट मी सांभाळते.

तुझी आजी


हाटकेश
६ जानेवारी २०२५

लाडके,

तुझं पत्र वाचलं. रागावून लिहिलंयस, चालेल. रागात तुझं अक्षर जास्त सुंदर येतं. मॅडमना विचारून दोन दिवस येऊ का म्हणतेस, तर येऊ नकोस. ढोकळा बरा आहे, आणि कसा बरा आहे ते ऐक.

त्यालाही पंपच दिलाय. पुढे नळकांडं, त्याला छोटा मास्क, तो नाकातोंडावर धरायचा, पंप दाबायचा आणि तो श्वास घेईस्तोवर धरून ठेवायचा. रोज सकाळ-संध्याकाळ, बरा दिसला तरी. सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवशी फुस्स झाल्याबरोबर तो फ्रिजच्या मागे गेला आणि तुझ्या बापाच्या हातावर नकाशा काढून गेला. डॉक्टरणीने फोनवर सांगितलं, घाई करू नका. आधी नुसता मास्क जमिनीवर ठेवा, त्याला वास घेऊ द्या, खाऊ द्या, मग तोंडाशी न्या, पंप सगळ्यात शेवटी.

मी मास्कच्या कडेला माशाचं पाणी लावलं. तो चाटायला आला, पण माझ्या हातात दिसला की लांब. त्या दुपारपासून तो माझ्याजवळ येत नाही, संघप्रिया. मी पदर सारखा केला तरी पळतो. त्याला वाटतं, म्हातारी आता लुगडं टाकेल. त्याचं बरोबर आहे. तो जातो फक्त आबांच्या मांडीवर. ज्यांनी त्याला कधी घास घातला नाही त्यांच्या.

म्हणून काम आबांवर आलं. डॉक्टरणीने एवढंच सांगितलं होतं की धरणारा माणूस शांत पाहिजे, धरणारा दचकला की मांजर दचकतं. आता फुस्स झालं की आबाच दचकायचे. त्यांना तो आवाजच नको होता. मांडीवर मांजर दचकतंय, वर हे दचकतायत, मी बाजूला माशाची वाटी घेऊन उभी. असे बरेच दिवस गेले.

मग एका सकाळी ढोकळ्याला परत खर्र लागली, थोडीशीच. मान लांबली. आबांनी त्याच्याकडे बघितलं, टीव्हीवरचा पंप आणायला सांगितलं, त्यांचा स्वतःचा. मी आणून दिला आणि तोंडातून शब्द काढला नाही, मला किती जड गेलं असेल बघ. त्यांनी त्याला म्हटलं,

"बघ रे ढोकळ्या. असं. काही होत नाही."

आणि ओढला. फुस्स. ढोकळ्याने कान मागे केले, पण उठला नाही. आबांनी श्वास धरला, सोडला, परत त्याच्याकडे बघितलं. मग मास्क त्याच्या तोंडाशी नेला. तो बसला गं. मास्कवरून डोळे मोठे करून बघत बसला, मिशा हलत होत्या आणि नळकांड्यातली पापडी वर-खाली होत होती, म्हणजे श्वास घेतोय.

तेव्हापासून हाच नियम, आधी आबा, मग ढोकळा. आबांनी नाही घेतला तर ढोकळा मास्क लावून घेत नाही, निदान आबा तरी तसं सांगतात. म्हणजे स्वतःसाठी नाही, मांजरासाठी घेतात. मी म्हटलं, हो हो, मांजरासाठीच. पंप दोघांचे वेगळे, ह्याचा त्याला लावायचा नाही, ते डॉक्टरणीने बजावलंय. घेऊन झालं की आबा चूळ भरतात आणि ढोकळ्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसतात. हंसाबेन दारातून बघतात आणि म्हणतात, "दोनों का कॉलेज चालू है."

अगरबत्ती मी बंद केली. पहिले दोन दिवस वंदना सुनी वाटली. मग बुद्धांपुढे शेवंतीचं फूल ठेवायला लागले. विहारात एक बाई म्हणाल्या, धूप नाही म्हणजे कसं? मी म्हटलं, प्राण्याचा श्वास कोंडून पूजा करायची असेल तर तुमच्या घरी करा. हंसाबेननी तर स्वतःहून त्यांच्या दारातला धूप मागच्या गॅलरीत नेला. मला म्हणाल्या, नाव मी ठेवलंय त्याचं, मग जबाबदारी पण माझी. पिवळ्या पिल्लाला ढोकळा त्यांनीच म्हटलं होतं, आठवतं ना?

तुझी आजी, हल्ली नुसती वाटी धरणारी


हाटकेश
१६ फेब्रुवारी २०२५

आमच्या पोलिसीणबाई,

परेडचं आमंत्रण मिळालं. त्यावर तुझं नाव छापलेलं आहे, मी बोटाने वाचलं, मग आबांनी वाचलं, मग घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. हो, त्याच कोटाच्या. आता खिसा रिकामाच होता.

तुझा बाप म्हणाला, आई येईल, आबांना प्रवास झेपणार नाही, ग्राउंडवर धूळ असते. दुसऱ्या दिवशी आबांनी पंप घेतला, ढोकळ्याला दिला, आणि कुठे जातो ते न सांगता बाहेर पडले. परत आले तेव्हा हातात नवीन बूट. म्हणाले, नात सॅल्यूट मारणार आणि आजोबा घरी मांजर सांभाळणार होय? त्यांच्या डॉक्टरला विचारून आलेत, रुमाल आणि पंप खिशात ठेवून जा म्हणाले.

ढोकळ्याचं काय, असं तू विचारणारच. हंसाबेन शिकल्यात. शुद्ध शाकाहारी बाई, माशाच्या पाण्याला हात लावणार नाहीत, म्हणून मास्कला साय लावतात. ढोकळा सायीसाठीही बसतो. फक्त आधी आबा लागतात, त्याची अडचण होती. तर हंसाबेन आता आधी स्वतः तोंडाने फुस्स असा आवाज काढतात आणि मग त्याला मास्क लावतात. मी दारातून बघितलं आणि हसून हसून भिंतीला टेकले.

आणि काल काय झालं ते लिहायलाच तर बसले. दुपारी मी परेडला नेसायची पांढरी साडी उघडून बघत होते, मांडीवर पसरलेली. ढोकळा दारात उभा. मी हललेच नाही. साडी म्हटली की तो पळतो. पण तो आला, कडेचा वास घेतला, परत वास घेतला, आणि साडीवर चढून माझ्या मांडीत गोल झाला. मी कान लावला. शिट्टी नाही. नुसती ती त्याची सुखाची घरघर, जुनी. पांढऱ्या साडीवर पिवळे केस झालेत, ते मी झटकणार नाही, तुला परेडला दाखवायचेत.

एवढ्यात आबा पेपर घेऊन आले. त्यांच्या मागोमाग हंसाबेन, बादली घेऊन. त्यांना विचारायचं होतं, आज पाणी किती वाजता जाणार, नोटीस लागली असेल ना?

आबा म्हणाले, "बघितलं नाही. सरळ वर आलो."

सगळी बिल्डिंग आता पाण्याशिवाय बसलीय, आणि मला एवढा आनंद झालाय की विचारू नकोस.

येतोय आम्ही. पहिल्या रांगेत बघ.

आजी